सालबर्डीची पंगत

मोर्शीला पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचं हे आमच्या घरात ठरलेलं असतं. आधी सिंभोऱ्याचं धरण. त्याच्या भिंतीजवळ उभं राहिलं की समोर पाणीच पाणी. माझं माहेर अकोल्याचं. तिकडचे पाहुणे तर एवढं पाणी बघून गप्पच होतात. मग आमचा संत्र्याचा बगीचा, आणि शेवटी सालबर्डी. डोंगरात गुहेतला महादेव, आणि खाली गरम पाण्याची कुंडं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे माहिती सांगायची सवय जिभेला लागलेली. पाहुण्याला पाणी देण्याआधी मी कुंडाचं वर्णन सुरू करायची.

आता पाहुण्यांना मी धरण दाखवते, बगीचा दाखवते. सालबर्डीला आमचे हे घेऊन जातात. मी काहीतरी निमित्त काढून घरी थांबते. त्याचं कारण आजवर कोणाला सांगितलं नाही. आज सांगायला बसले आहे, तर सरळच सांगते.

आमच्या घरात माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत. मी त्यांना ताई म्हणते. माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, लग्नानंतर सहा वर्षांत गेले. ताईंना मूल नाही. माहेरचे न्यायला आले होते, त्या गेल्या नाहीत. मी सकाळी दहाला शाळेत जायची ती संध्याकाळी साडेपाचला यायची. माझी पोरगी वाढली ती ताईंच्या कडेवर. पोरगी त्यांना मोठी आई म्हणते. तिला ताप आला की ती मला नाही, मोठ्या आईला हाक मारायची. मला त्याचा राग यायचा. राग मला लवकर येतो, घरात सगळ्यांना माहीत आहे.

ताईंना कोड आहे. तिशीत आधी बोटांवर डाग आले, मग मनगटावर, मग ओठांच्या कडेला. कोणीतरी सांगितलं, सालबर्डीच्या पाण्यानं जातात. कित्येक वर्षं दर रविवारी त्या कुंडावर जात. डाग काही गेले नाहीत, पण पाण्यानं गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून जाणं सुरू राहिलं. बाळंतपणानंतर माझी कंबर धरली, तेव्हा मलाही त्यांनीच ऑटोत घालून नेलं. पाण्यात बसवून माझी पाठ चोळून दिली. मी कुरकुरत होते, त्या हसत होत्या. म्हणाल्या, शाळेतल्या पोरांवर ओरडते तशी इथं ओरडू नको, मास्तरीणबाई.

पोरगी पुण्याला नोकरीला लागली आणि तिथंच तिनं मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, घर चांगलं. त्याच्या आई-वडिलांना आमचं घर बघायचं होतं. फोनवर विहीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडे गरम पाण्याचे झरे आहेत असं मुलगी सांगत होती, ते आम्हाला बघायचेत. झालं. मला तर चेवच चढला. धरणाचं, कुंडाचं असं काही रंगवून सांगितलं, की एवढं गरम पाणी, फडक्यात बांधून तांदूळ सोडले तर भात होतो. असलं काही होत नाही. पण पुण्याच्या माणसांपुढं आपण कमी पडू नये, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आणि मग रात्रंदिवस एकच विचार. ताई. पोरीचं आणि ताईंचं रक्ताचं नातं नाही. कोड लागत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं, वर्गात पोरांना मीच हे सांगत आले होते. पण लोक एवढं बघत नाहीत. त्या घरात कोड आहे, एवढंच म्हणतात आणि ठरत आलेली बोलणी थांबतात. आमच्या शेजारच्या गल्लीत एका पोरीचं असंच मोडलेलं मी पाहिलं होतं.

मी ताईंना म्हटलं, त्या दिवशी तुम्ही घरीच आराम करा. त्या म्हणाल्या, "पोरगी कोनाच्या घरी चालली, ते पाहू दे ना मले." मग मी शक्कल काढली. पाहुणे सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरणार, हे त्यांना कारमधून घरी आणणार. ताईंनी त्याआधी डबे घेऊन ऑटोनं सालबर्डीला पुढं जायचं. म्हटलं, कारमध्ये जागा होणार नाही. जागा होती. मागं तिघी आरामात बसलो असतो.

ताई पहाटे चारला उठल्या. पुरणाच्या पोळ्या, पाटवड्या, वांग्याचं भरीत, सगळं एकटीनं केलं. मी धुतलेले पडदे लावत बसले होते.

पाहुणे आले. माणसं साधी निघाली, त्याचंच मला आणखी दडपण आलं. धरण झालं, बगीचा झाला. सालबर्डीला पोचल्यावर हे व्याह्यांना घेऊन गुहेकडं वर चढले. विहीणबाईंना पायऱ्या झेपणार नव्हत्या, म्हणून आम्ही दोघी कुंडाकडं निघालो. त्या चप्पल काढायला थांबल्या, तेवढ्यात मी झपझप पुढं गेले. ताईंनी झाडाखाली सतरंजी घातली होती, डबे मांडले होते, आणि पाण्यात पाय सोडायला पदर खोचून तयार होत्या. ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "ताई, आज पाण्यात नका उतरू. आणि हात जरा पदराखाली ठेवा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि खोचलेला पदर सोडला.

पाणी त्या दिवशी कोमट होतं. विहीणबाईंनी पाय टाकले आणि त्या हसल्या. म्हणाल्या, भात काही व्हायचा नाही हो यात, पण बरं वाटतंय. मीही खोटं खोटं हसले. मग त्यांचं लक्ष बाजूला बसलेल्या ताईंकडं गेलं. पदर सावरताना ताईंचा हात बाहेर आला होता. विहीणबाईंनी आवाज खाली आणून मला विचारलं, "या बाई रोज येतात का इथे? या पाण्यानं फरक पडतो का त्यांना?"

आवाज कितीही खाली आणला तरी चार हातांवर बसलेल्या माणसाला ऐकू जातोच. तेव्हा बोलायचं होतं. या माझ्या जाऊबाई, एवढे तीन शब्द. आणि मी म्हटलं, "मला माहीत नाही."

ज्या बाईनं याच पाण्यात माझी पाठ चोळली होती, तिच्याबद्दल मी म्हटलं, मला माहीत नाही. जळली मेली माझी जीभ. हे लिहितानाही कान गरम होतात.

जेवायला बसलो. पुरुष अजून वरच होते. ताईंनी वाढलं. विहीणबाईंना वाटलं, कुंडावरची कोणी बाई मदतीला धरली असेल. त्यांनी पोटभर खाल्लं, पाटवडीचं तर तोंडभर कौतुक केलं आणि विचारलं, कोणी केलं हो हे सगळं? मी म्हटलं, मीच. एकदा खोट्याला सुरुवात केली की मग काय, तोंड चालूच राहतं.

जेवण झाल्यावर विहीणबाईंनी उरलेल्या पोळ्या आणि पाटवड्या एका डब्यात नीट भरल्या. उठून ताईंकडं गेल्या आणि तो डबा त्यांच्यापुढं धरला. "तुम्हीही खाऊन घ्या. आणि हे घरी न्या, मुलांना होईल," असं म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. त्यांचा काय दोष? मी तिथंच हात धूत होते. पाण्याचा तांब्या माझ्या हातात, आणि मी धुतलेलेच हात पुन्हा धूत राहिले.

ताईंनी दोन्ही हात पुढं करून डबा घेतला. पहाटे चारपासून स्वतः राबून केलेल्या पोळ्या. "बरं झालं, बाई," म्हणाल्या आणि डबा बाजूला नेऊन ठेवला.

हे आणि व्याही खाली आले, घाईघाईत जेवले. गाडीची वेळ होत आली होती, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन हे तसेच बडनेऱ्याला गेले. यांना वाटलं, ओळखपाळख बायकांची बायकांत झाली असणार. मी आणि ताई ऑटोनं परत आलो. सगळा रस्ता मी वाट बघत होते की या आता बोलतील, चिडतील, रडतील. मी तर असं घर डोक्यावर घेतलं असतं की शेजारी धावून आले असते. ताईंनी घरी येऊन डबे घासले. एवढंच म्हणाल्या की माणसं चांगली आहेत, पोरगी सुखात राहील.

लग्न पुण्यात ठरलं. ताई मांडवात उभ्या राहिल्या की विहीणबाई ओळखणार, मग मी कोणत्या तोंडानं काय सांगणार? महिनाभर मी कोणाशी धड बोलले नाही. एक दिवस ताईंनीच जेवताना सांगून टाकलं की गुडघ्यांना एवढा प्रवास सोसायचा नाही, त्या येणार नाहीत. यांनी खूप समजावलं, वेगळी गाडी करू म्हणाले. पोरगी फोनवर रडली. मोठी आई नसेल तर मी बोहल्यावर उभीच राहणार नाही म्हणाली. तिला ताईंनीच शांत केलं. आणि मी? मी यांना म्हटलं, जाऊ द्या हो, त्यांना त्रास होईल. हे बोलताना मला हायसं वाटत होतं. लाज वाटायला हवी ती नंतर वाटली, तेव्हा हायसंच वाटलं.

आम्ही निघालो तेव्हा ताई फाटकापर्यंत आल्या. चांगल्या चालत आल्या. चार दिवस घरी त्या आणि कुत्रा.

पहिल्या दिवाळीला पोरगी, जावई आणि विहीणबाई आमच्याकडं आले. पोरगी गाडीतून उतरली ती धावत दारात उभ्या असलेल्या ताईंच्या गळ्यात पडली. मोठी आई, मोठी आई, नुसता तोच जप. मागून विहीणबाई आल्या. थबकल्या. ताईंच्या हातांकडं, मग तोंडाकडं बघत राहिल्या. "या तर त्या कुंडावरच्या," म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. पोरगीही माझ्याकडं बघायला लागली. मी जावयाच्या हातातली बॅग घ्यायला पुढं झाले.

ताई म्हणाल्या, "हो, भेटलो न आपन. म्याच हिले म्हटलं होतं, माही ओळख नको देऊ म्हनून. मले लाज वाटून राहिली होती."

विहीणबाईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, अहो, माझ्या सख्ख्या बहिणीला कोड आहे, यात लाजायचं काय? पोरीनं मला विचारलं, "आई, खरंच मोठ्या आईनं सांगितलं होतं?" मी म्हटलं, "हो."

चहा ठेवायचं निमित्त करून मी आत गेले. ताई मागून आल्या, आलं किसायला लागल्या. मला रडू आवरेना. मी म्हटलं, ताई, माझं चुकलं, मी बाहेर जाऊन आत्ता सगळं खरं सांगते. त्यांनी मान वर केली नाही.

"आता काहून सांगतं?" त्या म्हणाल्या. "तवा सांगतलं असतं, त म्या माह्या पोरीचं लगन पाह्यलं असतं."