तिसऱ्या धुण्याचं पाणी

मी चौथी शिकलेली बाई. तरी नातीच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते मला ठाऊक असतं, कारण जेवताना ती दुसरं बोलतच नाही. मलकपेठच्या आमच्या घरात तिच्या पेशींना पाहुण्यांपेक्षा जास्त मान आहे.

ती एक लुळा केलेला विषाणू वापरते. तो पेशीत शिरतो, सोबत आणलेला जनुक तिथे कायमचा ठेवतो आणि संपतो. त्याची पिल्लं होत नाहीत. त्या जनुकामुळे पेशी हिरवी चमकते. अशा हिरव्या पेशी धुऊन तिने साध्या पेशींसोबत एका बशीत ठेवल्या. चार दिवसांनी साध्याही हिरव्या. पेशी आपापसात जनुक देतात असं आपल्याला सापडलं, म्हणून ती घरभर नाचली. पुढच्या सोमवारी हे सगळ्यांसमोर मांडायचं होतं.

मी विचारलं, किती वेळा धुतल्या? तीनदा, म्हणाली. सगळे तेवढंच धुतात.

मागे उन्हाळ्यात आमचं दूध रोज आंबायचं. सून दूधवाल्याला नावं ठेवायची. मला दह्याच्या पातेल्याचा संशय होता, कारण दूधही ती त्यातच ठेवायची. पातेलं चकचकीत घासलेलं, मग माझं कोण ऐकणार? मी शेवटच्या विसळण्याचं पाणी चमचाभर कोमट दुधात टाकलं. दुसऱ्या वाटीत नुसतं दूध. संध्याकाळी एका वाटीत दही, दुसरीत दूधच. सून दोन दिवस बोलली नाही, पण पातेली वेगळी झाली.

तेच मी नातीला करायला सांगितलं. तिसऱ्या धुण्याचं पाणी बारीक गाळून घे, हिरवी पेशी एकही राहू देऊ नको, आणि ते नुसत्या साध्या पेशींवर टाक.

"आज्जी, हे दही नाही."

"हौ, दही असतं तर जेवताना तरी कामी आलं असतं."

ती पाय आपटत गेली, पण केलं तिने. शुक्रवारी येऊन चपला न काढताच खुर्चीत बसली. साध्या पेशी हिरव्या झाल्या होत्या. विषाणू पेशीहून कितीतरी बारीक, त्यामुळे धुऊनही उरलेला गाळणीतून पाण्याबरोबर गेला होता. पेशींनी कुणाला काही दिलं नव्हतं. थोडी रडली. मी रडू दिलं.

"मी गप्प बसले असते तर कुणी विचारलं नसतं," ती म्हणाली.

"मी विचारलं ना."

सोमवारी तिने सगळ्यांत आधी ती पाण्याची बशीच पडद्यावर दाखवली. प्रयोगशाळा चालवणाऱ्या तिच्या मॅडम हसल्या, आणि प्रत्येकाने आपलं धुण्याचं पाणी तपासावं असा हुकूम काढला. त्यात आणखी दोघांचं काम अडकलं. त्यातल्या एकाने नातीकडे निरोप धाडला, आमच्या प्रयोगाचं आजींना काही सांगू नका. मला तर त्याचा निरोप यायच्या आधीच जेवताना सगळं कळलं होतं.