टँटी आयोनीचं झाकण

टँटी आयोनीच्या पातेल्याचं झाकण वेळेआधी उघडायची आमच्या गुयाव गावात फौजदाराचीही टाप नाही. टँटी माझी सख्खी मावशी, पण टँटी ती साऱ्या गावाची. तापट बाई. अंगणात आलेलं माणूस उपाशी गेलं, तर आठवडाभर आमचं डोकं खाते.

परवा जहाजावरून उतरलेलं एक कुटुंब मी माझ्या बसमधून तिच्याकडे नेलं. टोरोंटोचा डेरिक, त्याची बायको, पोरं आणि म्हातारी आई मर्सलीन. मर्सलीन जन्मली आमच्याच बेटावर. पोरवयात गेली ती आत्ता उगवली, तीही एका दिवसापुरती. तिला एकच हवं होतं, आमच्याकडचं चुलीवर शिजवलेलं ऑइलडाउन.

पण वाटेत पोरं समुद्रात डुंबायला उतरली ती निघता निघेनात, आणि पाहुणे दिसल्याशिवाय टँटी पातेलं चढवत नाही. नीरफणस, हिरवी केळी, खारा मासा, वर अळूची पानं, असं दाबून भरून तिने हळद घातलेला नारळाचा रस ओतला.

मर्सलीन चुलीपाशी सरकली, तशी टँटी म्हणाली, "कॅनडाच्या बाई, सावलीत बसा. धूर सोसायचा नाही तुम्हाला."

मर्सलीनचा चेहरा एवढासा झाला. ती गुपचूप जाऊन बसली.

रस काही आटेना. मी घड्याळ बघून बघून अर्धा झालो. जहाज कुणासाठी थांबतंय? शेवटी डेरिक उठला.

"आई, निघायला हवं. मावशी, झालंय तेवढं वाढा ना. जरा ढवळलं की शिजेल." आणि हा शहाणा डाव घेऊन पातेल्याकडे निघाला.

"हात लावशील तर खबरदार!"

ओरडली ती मर्सलीन. "ऑइलडाउन ढवळतात का रे, गाढवा? रस आटून तेल खाली बसू दे. उपाशी जाईन, पण झाकण उघडायचं नाही!"

टँटी तिच्याकडे वळली. "कुणाची गं तू?"

"वरच्या वाटेवरल्या सुताराची."

"मग मघापासून पाहुणीसारखी काय बसलीस, बये? ऊठ, पातेल्याचा एक कान धर! राहिलेलं वाटेत शिजेल."

दोघींनी ते उकळतं धूड गोणपाटात गुंडाळून माझ्या बसमध्ये चढवलं. रस्ता वळणांचा.

"टँटी, माझी सीट!" मी कळवळलो.

"सीट धुता येते. गप गाडी हाक."

बंदरापर्यंत आतल्या वाफेने उरलासुरला रस मुरला. जहाजावर बाहेरचं अन्न नेता येत नाही, म्हणून झाकण फाटकापाशीच उघडलं. सगळे उभ्यानेच जेवले. पहारेकऱ्यानेही वाडगा पुढे केला. मर्सलीन पहिल्या घासाला रडली, आणि रडत रडतच तिने आणखी मागून घेतलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

भोंगा वाजला. मर्सलीनने वाडगा पुसून परत दिला. टँटीने हात मागे घेतला.

"माझा वाडगा रिकामा परत येत नाही."

"आत्ता कशाने भरू, आयोनी?"

"आत्ता कोण मागतंय? भरून आण. आणि पोस्टाने पाठवलास, तर माझ्याशी गाठ आहे!"