नववीच्या वर्गाबाहेरचा डबा

कर्नाटकातल्या औराद तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी शिकवते आणि तोंडाने जरा फटकळ आहे. त्यामुळे प्रशिक्षणात 'मुलांच्या भावना समजून घ्या' असं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या पोरांचं काय बिनसलंय ते मला वर्गात पाऊल टाकताच कळतं, असा माझा समज होता. तरी सांगितलंय म्हणून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा नववीच्या वर्गाबाहेर ठेवला. मनातलं लिहून टाका, नाव घालू नका, म्हणाले.

दोन आठवडे डबा रिकामाच. शेवटी एकीने सांगून टाकलं, "मॅडम, तुमी आमच्या वह्या तपासताव. अक्षर वळखताव की."

"मग कन्नडमधून लिहा," मी म्हणाले. माझी हुशारी मलाच फार आवडली.

तिसऱ्या दिवशी कन्नडमधली चिठ्ठी आली. छापील कन्नड मी अडखळत वाचते, हाताने लिहिलेलं मात्र मला लागत नाही. म्हणून ती कन्नडच्या सरांकडे नेली. त्यांनी वाचून सांगितलं: 'दुपारी जेवायला माझ्याजवळ कुणी बसत नाही. मी बोलले की हसतात. मला शाळा सोडायची आहे.' आणि लगेच, ही कुणाची, तेही सांगितलं. कन्नडच्या वह्या ते तपासतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती मुलगी त्याच वर्षी हुमनाबादहून आली होती. घरी मराठी, पण आठवीपर्यंत शिकली कन्नड शाळेत. वडिलांचं कारखान्यातलं काम सुटलं तसे ते गावी परतले आणि तिला आमच्याकडे घातलं. मराठी बोलताना मध्येच कन्नड शब्द यायचे, की पोरी खिदळायच्या. हे माझ्यासमोर घडत होतं आणि मला थट्टा वाटत होती.

सर मनाने फार चांगले. त्यांना राहवलं नाही. पुढच्याच तासाला त्यांनी तिला उभं केलं. "चिठ्ठी तूच लिहिलीस न्हाई का? कोण हसायलंय, नाव सांग. बघतो एकेकीला." दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. मी सरांवर भडकले, पण मनातून कळत होतं की ही अक्कल मुळात माझीच.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आईने खुर्ची दिली, चहा ठेवला. "बाई, शाळंत जायचं न्हाई म्हणायलीय. तिचे अप्पा म्हणायलेत, मग बसू दे घरी."

पोरगी माझ्याकडे पाठ करून तूर निवडत होती. मी म्हणाले, "चूक माझी झाली. चिठ्ठी मी दुसऱ्याच्या हातात द्यायला नको होती."

तिने सुपातून नजर वर केली नाही. "सर समद्यांपुढं बोलले. तुमी हितं एकट्यात बोलायलाव."

अठरा वर्षांत मी शेकडो पोरांना 'चुकलो म्हण' म्हणून कान धरायला लावले. स्वतः वर्गापुढे एकदाही ते म्हणाले नव्हते. "सोमवारी समद्यांपुढं बोलले, तर येशील?"

"दारात हुबी राहून ऐकते," ती म्हणाली. "मग बघते."

सोमवारी ती खरंच दारात उभी राहिली. दप्तर खांद्यावर, चपला पायात. मी वर्गाला सांगितलं, की एकीने विश्वासाने लिहिलेलं मी सांभाळू शकले नाही, मी चुकले. सर मुद्दाम येऊन मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "माझंबी चुकलं." हसणाऱ्या पोरींना चार शब्द सुनावावेत असं फार जिभेवर आलं, पण गिळलं.

दारातली हलेना. आता ही वळून जाणार, असं वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या, सगळ्यांत जास्त हसणाऱ्या पोरीने शेजारी ठेवलेलं आपलं दप्तर उचललं आणि खाली ठेवलं. जागा मोकळी झाली. ती दाराकडे बघून म्हणाली, "ये की."

हिने चपला काढल्या आणि आत आली. मला इतकं बरं वाटलं, की फळ्याकडे वळून मी कितीतरी वेळ नुसती तारीखच लिहीत राहिले.