बैलाच्या चालीचे पाढे

कळंबच्या बाजारातली एक गल्ली इतकी अरुंद होती की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या की दोन्ही अडकत. भरल्या गाडीचे बैल मागं सरत नाहीत. निजामाचं राज्य होतं. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या हुकमानं बाजारच्या दिवशी वरच्या तोंडाला माझे थोरले भाऊ उभे राहू लागले. ते चावडीवर शिपाई होते. खालच्या तोंडाला त्यांनी मला, शाळामास्तराला, उभं केलं. मधल्या वळणामुळं आम्ही एकमेकांना दिसत नसू.

दादांनी रीत घालून दिली. एका बाजूची शेवटची गाडी आत शिरली की तिथल्या माणसानं घंटा द्यायची. दुसऱ्यानं दोनापासून दहापर्यंतचे पाढे म्हणायचे आणि मगच आपल्या गाड्या सोडायच्या. गाड्या मोजून भागत नसे. काही मध्येच आडतीकडं वळत.

पहिल्याच बाजारी मी पाढे भरभर म्हटले. वळणावर गाड्या भिडल्या आणि दुपार त्या सोडवण्यात गेली.

दादा हसले. "मास्तर, पोरांना सुटायचं असतं, म्हणून ती घाई करतात. तू बैलाच्या चालीनं म्हण."

पुढं दादांचं पोट दुखू लागलं. वैद्यांनी बार्शीच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. वाट त्या गल्लीतूनच होती, आणि न्यायचा दिवसही बाजाराचाच निघाला. वर शेजारचे शिंपीचाचा उभे राहिले.

"पाढे मला न्हाय येत, मास्तर," ते म्हणाले. "तसबीचे मणी फिरवीन. सावकाश."

दादा गाडीत कडब्यावर निजले होते, उशाशी वहिनी. गाडी अडकली असती तर त्यांना तिथंच तळमळत पडावं लागलं असतं. मी सोबत जाऊ शकलो नाही. खालचं तोंड कोण धरणार? त्यांची गाडी शेवटची सोडली, घंटा दिली आणि उगाच पाढे म्हणत राहिलो. दहाचा संपला तरी वरून काही येईना. मग वळणावर ज्वारीची गाडी दिसली. म्हणजे दादा पार झाले होते.

बार्शीहून वहिनी एकट्याच परतल्या.

पुढच्या बाजारी वरून चाचांची घंटा ऐकू आली. मी पाढे म्हटले. दहाचा झाला, अकराचा झाला, बाराचा धरला.

"मास्तर," मागून गाडीवान म्हणाला, "रस्ता कवाचा मोकळा हाय की."

मी बाजूला झालो.