कच्चा रंग

तुंगाबाई रंगाऱ्याची सून. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या दुकानात चाळीस वर्षं तिने लोकांची लुगडी रंगवली. हात कोपरापर्यंत डाळिंबी नाहीतर हिरवे, आणि अंगावर मात्र पांढरं पातळ. नवरा गेला तेव्हा ती सव्वीसची होती. लोक म्हणायचे, बाई मोठी सोशीक. सोशीक कसली, पोर वाढवायचं होतं म्हणून दातओठ खाऊन गप्प बसली होती.

१९९३ साली, तिची पासष्टी उलटल्यावर, मुलगा नरसिंह म्हणाला, भिंतीवर लावायला एक चांगला फोटो काढून ठेवू. कशासाठी, ते कुणी बोललं नाही. पण हार घालायचा फोटो कोणता, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. मागाहून लोक फोटोलाच तुंगाबाई म्हणणार, तर तो तरी आपल्या मनासारखा हवा. त्या दिवशी ती स्वतः रंगवलेलं, हिरव्या काठांचं डाळिंबी लुगडं नेसून बाहेर आली. सून बघतच राहिली. नरसिंह तेवढा उठून फोनकडे गेला, तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

बनशंकरीतल्या स्टुडिओत दिव्यासमोर बसून तिने फोटोग्राफर सुधींद्रला विचारलं, हिरवा काठ उठून दिसेल ना? सुधींद्र नरसिंहकडे बघायला लागला. मग चाचरत म्हणाला, नरसिंहअण्णांनी फोनवर सांगितलं म्हणून ब्लॅक अँड व्हाइट फिल्म भरलीय. तिच्यात डाळिंबी काय नि हिरवा काय, दोन्ही राखाडीच.

म्हणजे चाळीस वर्षांनी नेसलेला रंग हे लोक परस्पर धुऊन काढणार होते. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"रंगीत घाल," ती म्हणाली.

भिंतीवर विधवा आई रंगीत लुगड्यात, लोक काय म्हणतील, असं नरसिंह पुटपुटला. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सुधींद्र मात्र मनापासून समजावायला लागला. काळा-पांढरा फोटो पतवंडांपर्यंत टिकतो, रंगीत वीस-पंचवीस वर्षांत विटतो. "रंगीतचा रंग कच्चा असतो, अक्का."

रंगाऱ्याच्या सुनेला तो कच्चा-पक्का शिकवत होता.

"विटू दे की," तुंगाबाई म्हणाली. "विटायला आधी अंगावर रंग असावा लागतो. फिल्म बदल."

सुधींद्रने फिल्म बदलली. नरसिंह बाहेर पायरीवर जाऊन बसला. तिने हिरवा काठ पुढे ओढून घेतला आणि हात मांडीवर ठेवले. नखांच्या कडांना डाळिंबी रंग चिकटलेला होता. तो तिने लपवला नाही.

"स्वल्प हसा, अक्का," सुधींद्र म्हणाला.

ती हसली नाही. सरळ बघत राहिली.