कस्तुरीचे सहा पस्तीस

कस्तुरी माझ्या समोरच्या दारात राहते. सांगलीला विश्रामबागेत ती मुलाकडे, आर्जवकडे, आली त्याला अकरा वर्षे झाली. त्याआधी जवळच्या आष्ट्याला चार एकर ऊस आणि थोडी हळद सांभाळत होती. नवरा सुकुमार गेल्यावर तीन वर्षे एकटीने शेती पाहिली, मग खंडाने दिली. वय एकोणसत्तर, माझ्याहून सात वर्षांनी लहान. मला आक्का म्हणते.

सूर्य मावळल्यावर ती जेवत नाही. जैनांत हा नेम पुष्कळ जण करतात आणि अडचण आली की सैलही करतात. कस्तुरीने तो लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बाहुबलीच्या डोंगरावर महाराजांपुढे घेतला आणि सेहेचाळीस वर्षांत एकदाही मोडला नाही. सुकुमार मिरजेच्या दवाखान्यात होते तेव्हा ती रोज पावणेसहाला जिन्याच्या पायरीवर बसून भाकरी खाऊन घ्यायची. एकदा इस्लामपूरजवळ एसटी बंद पडली, तर तिने रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर डबा उघडला. आर्जवच्या लग्नात पहिली पंगत साडेचारला बसवली. मुलीकडच्यांनी नाके मुरडली, पण जेवले.

गेल्या जानेवारीत मात्र घोटाळा झाला. पाहुणे आले, त्यांच्या गडबडीत संध्याकाळचे जेवण राहून गेले आणि अंधार पडला. ती तशीच झोपली. तिला मधुमेह आहे, दोन वेळच्या गोळ्या आहेत. पहाटे प्रीतीला, म्हणजे सुनेला, ती न्हाणीच्या दारात पडलेली सापडली. साखर बावन्न. दवाखान्यातून आणल्यावर आर्जवने तिच्यासमोर बसून सांगितले, "आई, आता एकदा जरी संध्याकाळचं जेवण चुकलं तर त्या रात्री खायचं. आणि त्या दिवसापासून नेम बंद. कबूल?"

कस्तुरी म्हणाली, "कबूल. पर चुकणार न्हाई."

मी तिथेच होते. तारीख २३ जानेवारी.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही बोटीवर निघालो. प्रीतीने मुंबईहून दोन रात्रींच्या समुद्रसफरीची तिकिटे काढली होती. आर्जवला पाण्याची भीती वाटते, त्यामुळे त्याची जागा मला मिळाली. कस्तुरीची बोटीत बसण्याची ही दुसरी खेप. पहिली २०१९च्या पुरात, माहेरी वारणाकाठी अडकली होती तेव्हा, रबरी बोटीत. "त्या बोटीला तिकीट नव्हतं, आदार कारडबी न्हाई," ती म्हणायची. "हात दिला आन् वडून घेतलं."

या बोटीच्या सूचनांची आठ पाने आली होती. मी ती तीनदा वाचली आणि करायच्या गोष्टींची यादी केली. शाळेत नन्सनी लावलेली सवय आहे, सुटत नाही. मूळ आधारकार्ड जवळ ठेवणे. ऑनलाइन नोंदणीचा कागद छापून घेणे. मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालांकडे देणे, त्या संध्याकाळी खोलीच्या दाराशी येतात. औषधे हातातल्या पिशवीत. घरचे शिजवलेले अन्न वर नेता येत नाही, सीलबंद पाकिटे चालतात. ही शेवटची सूचना सातव्या पानावर होती आणि ती मी यादीत घेतली नाही. प्रीतीने जैन जेवण आधीच नोंदवले होते, म्हणून मला ते गरजेचे वाटले नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दोनची वेळ दिली होती, आम्ही एक पन्नासला पोहोचलो. धक्क्यावर निळ्या कपड्यातल्या हमालांनी बॅगांना खोलीच्या नंबरच्या चिठ्ठ्या लावल्या. कस्तुरीच्या हातातल्या पिशवीत दशम्यांचा डबा होता आणि खाकऱ्यांची चार पाकिटे. पिशवी जड होती. मीच म्हटले, "पाकिटं मोठ्या बॅगेत टाक. बॅग संध्याकाळी मिळणारच आहे." तिने टाकली. बॅग गाडीवर चढून आत गेली.

सामान तपासायच्या यंत्रापाशी डबा अडला. तिथली बाई समजुतीने बोलत होती. "आजी, पाकीट असतं तर सोडलं असतं. हे घरचं आहे ना?"

"घरचंच हाय. म्हणून तर चांगलं हाय."

"वर नेता येणार नाही. इथं बसून खा, नाहीतर त्या पिंपात टाका."

पिंप अर्धे भरले होते. कस्तुरीने त्यात पाहिले आणि तोंड फिरवले. अकराला पोटभर जेवलेली होती तरी तिथे बाकावर बसून तिने एक दशमी खाल्ली. उरलेल्या सहा आमच्या बॅगा उचलणाऱ्या हमालाला बाहेर जाऊन देऊन आली. त्याचे नाव केरबा, पाटणकडचा. तो म्हणाला, "आवं मावशी, चटणी न्हाई व्हय?" ती परत आत येऊन चटणीचा पुडाही घेऊन गेली. यात बावीस मिनिटे गेली आणि आमचा गट पुढे निघून गेला.

मग एक रांग आधार दाखवायला, एक फोटो काढायला. तिसऱ्या रांगेत खेळायच्या पत्त्यासारखे एक कार्ड मिळाले. तेच खोलीची किल्ली आणि तेच चढण्या-उतरण्याचा परवाना. शिडीच्या तोंडाशी ते यंत्राला लावले की टिंग असा आवाज येतो आणि पडद्यावर आपला चेहरा दिसतो. कस्तुरी आपला चेहरा बघून म्हणाली, "ही कोण म्हातारी?" मागच्या बायका हसल्या.

आम्ही चार वाजून पाच मिनिटांनी वर चढलो. मोठ्या बॅगा अर्थातच आल्या नव्हत्या. जैन जेवण साडेपाचला अकराव्या मजल्यावर लागणार होते. सूर्यास्ताला भरपूर वेळ होता आणि आम्ही खोलीत पाय पसरून बसलो. ही आणखी एक चूक.

सव्वापाचला भोंगा झाला. सुरक्षेची कवायत, सगळ्यांना सक्तीची. ती पुरी होईपर्यंत जेवणाच्या जागा बंद. आम्हाला पाचव्या मजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या दालनात उभे केले. प्रत्येकाच्या कार्डाची नोंद होत होती आणि बारा जण सापडत नव्हते. त्यांची नावे पुन्हापुन्हा पुकारली. लाइफ जॅकेट कसे बांधायचे ते एका अधिकारी बाईने दाखवले. कस्तुरी म्हणाली, "खालचा पट्टा मांड्यातनं घ्या म्हणावं, न्हाईतर पाण्यात वर येतंय. पुरात बघितलंय मी."

पाच पन्नास. पाच अठ्ठावन्न. कस्तुरीने कमरेची पिशवी उघडून छोटे पंचांग काढले. सांगलीत छापलेले, दरवर्षीचे. बोट ठेवून वाचले. "सहा पस्तीस."

प्रीतीने माझ्याकडे पाहिले. तिच्या पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटे होती, ते आम्हा तिघींना माहीत होते. ती सासूला हळूच म्हणाली, "आई, नाही जमलं तर तुम्ही शब्द दिलाय ह्यांना."

"दिलाय की. मी कुठं न्हाई म्हंते?"

"मग तोंड असं का?"

"तोंड जन्मापासनं असंच हाय."

शेवटचे दोघे सहा दहाला आले, ओले केस, गळ्यात टॉवेल. पोहायच्या तलावावर होते. कस्तुरी त्यांना म्हणाली, "झालं का रं बाळांनो आंगुळ?" त्यांना कळले नाही.

कवायत संपली तेव्हा हजार माणसे लिफ्टसमोर होती. सहा मजले चढणे माझ्याच्याने शक्य नव्हते. मी म्हटले, तुम्ही जा. कस्तुरी म्हणाली, "आक्का, तुमी न्हाई तर मी बी न्हाई," आणि लिफ्टच्या रांगेत उभी राहिली. या वाक्याबद्दल मला काही लिहायचे नाही. अकराव्या मजल्यावर आम्ही सहा बावीसला पोहोचलो.

जैन जेवणाचे टेबल कोपऱ्यात होते. भात, मुगाची आमटी, कोबी, फुलके. कस्तुरीने ताट घेतले आणि खिडकीबाहेर पाहून खाली ठेवले. ती बाजू बंदराची, पूर्वेची. पाणी करडे पडले होते आणि लांबच्या एका जहाजावर दिवा लागला होता.

"मावळला," ती म्हणाली.

मी सकाळी वर्तमानपत्रातून मुंबईची वेळ उतरवून घेतली होती. वही उघडून दाखवली: सूर्यास्त सहा एक्केचाळीस. प्रीती म्हणाली, "बघा आई, एकोणीस मिनिटं आहेत अजून. बसा."

"लिवलेलं ऱ्हाऊ दे. मी सूर्य बघून जेवती. दिसला पायजे."

"मिरजेला जिन्यावर कुठं दिसत होता?"

"तिथं वरच्या पायरीवर जाऊन बघून यायची."

हे मला माहीत नव्हते. इतक्या वर्षांत तिने कधी सांगितले नव्हते.

वाढणाऱ्याला मी विचारले, पश्चिमेला बाहेर बसायला कुठे आहे. त्याने काचेचे दार दाखवले. कस्तुरीने ताटातला भात परत काढायला लावला. दोन फुलके, थोडी आमटी, कोबी, एवढेच ठेवले. ताटात टाकायचे नसते, आणि किती वेळ आहे हे तिने मनात धरले असावे. आम्ही तलावाच्या कडेने चालत दुसऱ्या बाजूला गेलो. तिथे मुंबई होती. दोन उंच इमारतींच्या मध्ये सूर्य होता, तांबडा, एका इमारतीच्या टाकीला टेकायला आलेला. सहा सत्तावीस.

ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, हात जोडले आणि जेवली. सावकाश नाही, घाईनेही नाही. दर घासाला वर बघत होती. शेजारी कर्कश गाणी चालली होती आणि कुणीतरी पाण्यात उडी मारली, तिच्या पायावर शिंतोडे आले. तिने पाय वर घेतले. सहा चौतीसला तिने ताट पुसून पाणी प्यायले आणि पंचांग मिटले.

प्रीती धावत जाऊन एक वाटी खीर घेऊन आली. "आई, घ्या, अजून सूर्य आहे. सहा मिनिटं आहेत पुरती."

कस्तुरीने सूर्याकडे पाहिले. तो खरेच होता, टाकीच्या शेजारी, चांगला अर्धा.

"त्यो हितला हाय," ती म्हणाली. "आमचा आष्ट्याचा गेला."

"अहो, आत्ता तर म्हणालात दिसला पाहिजे!"

"दिसला पायजे आन् वेळबी व्हायला नको. दोनी. तू खा ती खीर. बारीक झालीयास."

प्रीतीने खीर खाल्ली. कस्तुरी उरलेला वेळ खुर्चीवर तशीच बसून राहिली. सूर्य टाकीआड गेला तेव्हा माझ्या घड्याळात सहा चाळीस झाले होते. मी वहीत दोन्ही वेळा लिहिल्या, तिचे सहा पस्तीस आणि हे सहा चाळीस.

बोट सातला हलली. सात वीसला खोलीच्या दाराशी मोठ्या बॅगा आल्या. कस्तुरीने खाकऱ्यांची चारही पाकिटे काढून हातातल्या पिशवीत ठेवली. झोपताना प्रीतीने तिची साखर पाहिली, एकशे अठरा. आर्जवला फोन लागत नव्हता, म्हणून प्रीतीने आकडा कागदावर लिहून कस्तुरीची सही घेतली. कस्तुरीने सही केली आणि मला विचारले, "आक्का, समुद्रात उद्याचं कवाचं लिवलंय तुमच्या वहीत?"

लिहिलेले नव्हते. मी म्हटले, सकाळी बोटीच्या माणसांना विचारू.

"इचारा," ती म्हणाली, "पर चारला जेवून घेऊ," आणि कूस बदलली.