मोकळ्या गोदामातला घुमारा

वर्ध्यात माझं कर्ण्यांचं दुकान होतं. लग्न असो की सभा, खांबावर कर्णा बांधायचा तो मीच आणि "आवाज येऊन राह्यला काय?" म्हणून माईकवर बोंब ठोकायचा तोही मीच. पन्नासचं दशक सरत आलं होतं. नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं माझ्याकडं टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला आणि तो परत न्यायला आलाच नाही. यंत्र चांगलं होतं, पण टेपचं रीळ एकच. दुसरं हवं तर मुंबईहून मागवावं लागे.

त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बायकोच्या छातीचं खरं काय ते सांगितलं. मी तिला काही बोललो नाही, तरी ती समजायची ते समजली. मुलगी तीन वर्षांची होती. "पोरीसाठी माहा आवाज तरी ठेवा," ती म्हणाली. "चेहरा फोटोत राह्यते, आवाज कुठी राह्यते?" दुसरं काहीच तिनं मागितलं नाही.

दुकानासमोर दिवसभर बैलगाड्यांचा खडखडाट, म्हणून आम्ही कापसातली सरकी काढणाऱ्या ओळखीच्या एका जिनात गेलो. दुपारच्या सुट्टीत तिथली यंत्रं थांबत. गोदामात छतापर्यंत कापूस होता. गंजीशेजारी तिला बसवलं आणि माईक तोंडापुढं धरला. तिनं पाळणा म्हटला, मधेच खोकली, पुन्हा पहिल्यापासून म्हटला आणि शेवटी पोरीला दमही दिला, "बाबाले त्रास नको देजो. डोक्याले तेल लावून घेजो."

दुकानात येऊन ऐकलं. कापसानं सगळा घुमारा पिऊन टाकला होता. आवाज कोरडा, अगदी कानाशी. तिचा श्वास ऐकू येई, ओठ मिटलेलेसुद्धा कळत. आणि मला ते पसंत पडेना! रेडिओवर गाणाऱ्या बायांचा आवाज कसा गाभाऱ्यातून आल्यासारखा येतो, शेवटचा सूर कसा रेंगाळतो. धंद्यातली माणसं त्याला इको म्हणत. माझ्या बायकोचा गळा त्यांच्यापेक्षा कमी होता काय? शिवाय मुलीनं तो खोकला ऐकावा, हेही मला नको होतं.

"आहे थो बरा आहे," ती म्हणाली. "मी काय सिनेमात गाऊन राह्यली?"

मी ऐकतो कशाला! माझ्यासारखा शहाणा तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. उन्हाळ्यात कापूस गेला, गोदाम रिकामं झालं. पत्र्याखाली एक टाळी वाजवली की चार परत येत. तिला पलीकडच्या भिंतीपाशी उभं केलं आणि माईक पार दाराशी ठेवला. तिला उभं राहवत नव्हतं. भिंतीला टेकून ती गायली. रीळ एकच, म्हणून त्याच टेपवर भरलं. पहिलं पुसलं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. बटण मीच दाबलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या बोटांची चीड येते.

ऐकून मी तर हरखूनच गेलो. तिनंही शेवटपर्यंत ऐकलं आणि यंत्रावर हळूच फडकं टाकलं. मी ते कौतुक समजलो. श्रावण लागायच्या आत ती गेली.

दोन वर्षं मला ते यंत्र लावायचा धीर झाला नाही. मग एका सकाळी मुलीला समोर बसवलं आणि लावलं. सूर सुरेख घुमत होते, एकावर एक चढत होते, पण त्या गर्दीत शब्द एकही हाती लागत नव्हता. मुलगी मान कलती करून ऐकत होती.

"चांगलं म्हनते," ती म्हणाली. "कोन आहे ही बाई?"

"तुही आई," मी कसंबसं म्हटलं.

ती यंत्राजवळ सरकली, जाळीला कान लावला आणि पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं.

"बाबा, आईले इतकं दूर काऊन उभं केलं?"